इदालिना विचारू लागली

लिस्बनहून नदीपलीकडच्या आमच्या बारेइरोत रविवारी दुपारी फारशा घरांत स्वयंपाक होत नाही. चर्चमधली मिस्सा संपली की अर्धं गाव इदालिनाच्या दुकानासमोर रांगेत उभं राहतं. उरलेलं अर्धं मिस्सा चालू असतानाच येऊन उभं राहिलेलं असतं. मी या दुसऱ्या अर्ध्यातला. सगळा जन्म रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गेला, आता पेन्शन खातो, आणि रांगेत पुढे असणं हाच काय तो माझा मोठेपणा.

दुकानात भावांची पाटी आहे, पण ती वाचताना मी कधी कुणाला पाहिलेलं नाही. तुम्ही दारात दिसलात की इदालिना मागे वळून शेगडीवरच्या नवऱ्याला ओरडते, "फाउश्तो, वाल्देमारची काढ!" झालं. एक कोंबडी, पिरी-पिरी मिरचीचा रस सढळ हाताने फासलेली, कडा जरा करपलेल्या, सोबत बटाट्याचे काप, ऑलिव्ह नाहीत. लग्न झाल्यापासून मी हेच खात आलोय. मला दुसरं काही आवडतं का हे मला स्वतःलाच माहीत नाही, कारण तसं कधी कुणी विचारलंच नाही.

ऑर्डर बदलायची तर इदालिनाला कारण द्यावं लागतं. ग्रासिएत नावाची आमची एक शेजारीण आहे, सगळ्या गल्लीच्या बातम्या तिच्याकडे असतात. तिने एकदा रक्तदाबाचं निमित्त सांगून मीठ कमी घालायला सांगितलं. इदालिना म्हणाली, "डॉक्टरची चिठ्ठी दाखव." ती चेष्टा नव्हती. ग्रासिएत पुढच्या रविवारी खरंच चिठ्ठी घेऊन आली.

आणि हे सगळं भर रांगेत, सगळ्यांच्या कानावर जाईल असं. "दोन कोंबड्या? जावई आला वाटतं! थांबणार आहे का जेवून जाणार?" "आज अर्धीच? का, मुलगा पुन्हा रुसला का?" कोंबडीच्या हिशेबावरून तिला प्रत्येक घरातली माणसं मोजता येत. कुणाला वाईट वाटत नसे. म्हणजे वाटत असेलही, पण तोंडात तिच्या हातचे बटाट्याचे काप असताना भांडायचं कसं?

मग बसस्टँडजवळ काचवाले आले.

नाव त्यांचं वेगळंच आहे, लांबलचक, पण सगळं दुकान काचेचं म्हणून आम्ही त्यांना काचवाले म्हणतो. चेनचं हॉटेल. देशोदेशी शाखा. कुठल्या तरी परदेशात बसून त्यांनी ठरवलं की पोर्तुगीज पद्धतीची भाजलेली कोंबडी पोर्तुगीज माणसाला विकायची. पहिल्या दिवशी बाहेर फुगे लावले होते. आम्ही कॅफेत बसून पोट धरून हसलो. महिन्याभरात हसणाऱ्यांपैकी निम्मे तिथे जाऊन आले होते.

मीही गेलो. नातवंडांनी ओढून नेलं. आता तिथलं सगळं वाईटच असं सांगितलं तर इदालिना खूश होईल, पण ते खोटं होईल. कोंबडी मऊ असते, आतपर्यंत मुरलेली. संडास स्वच्छ. कपड्यांना धुराचा वास येत नाही, त्यामुळे बायकोला काही कळत नाही. तिखटाच्या पाच पायऱ्या, आणि पाचवी चढलात तर नातवंडं टाळ्या वाजवतात. पण तिथली कोंबडी आज खा, पुढच्या महिन्यात खा, तीच. फाउश्तोची तशी नसते. नदीवरून वारा सुटला की त्याची एक बाजू जास्त भाजते. फुटबॉलमध्ये त्याचा संघ हरला की मीठ वर जातं. पावसाच्या दिवशी कोळसा धुमसतो आणि तेव्हा तिची चव अशी लागते की मी पोटभर जेवलेला असलो तरी आणखी एक पाय मागतो. कुठली चांगली असं मला विचाराल तर मी फाउश्तोचं नाव घेईन. पण मी त्याच्याच गल्लीत वाढलोय, माझं काय ऐकता?

काचवाल्यांची पिशवी लाल असते, लांबून ओळखू येते. ती घेऊन इदालिनाच्या दारावरून जायची कुणाची छाती नव्हती. लोक मागच्या गल्लीने, धोब्याच्या दोरीवरच्या चादरींखालून वाकून घरी जात. तिला ते माहीत होतं. सोमवारी एखादी समोर आली की ती गोड आवाजात विचारी, "काय मग, चादरींखालून जाताना मान नाही ना आखडली?" आठवड्याच्या इतर दिवसांचं गिऱ्हाईक थोडं कमी झालं, रविवारची रांग मात्र होती तशीच राहिली, आणि तिने काचवाल्यांना फार मनावर घेतलं नाही. निदान झेफेरिनो तिकडे जाईपर्यंत नाही.

झेफेरिनो लिस्बनच्या फेरीबोटीवर कामाला होता. तेजू नदी त्याने इतक्या वेळा ओलांडली की चालतानाही तो जरा डुलतो. त्याची बायको ओतिलिया. तिला तिखट चालत नसे, त्याला तिखटाशिवाय घास उतरत नसे. म्हणून दर रविवारी त्यांची एक कोंबडी असे, अर्धी तिखट, अर्धी बिनतिखट. फाउश्तो उलगडून भाजलेल्या कोंबडीच्या बरोबर मधोमध थांबून एकाच बाजूला ब्रश फिरवी. मग इदालिना दोन भाग करून वेगवेगळ्या चंदेरी कागदात बांधी, आणि ओतिलियाच्या पुडीचं एक टोक पिळून ठेवी, म्हणजे घरी गेल्यावर चुकून अदलाबदल व्हायला नको. "ही तुझ्या दवाखान्यातल्या जेवणाची पुडी," झेफेरिनो बायकोला सगळ्यांसमोर चिडवायचा. ती म्हणायची, "इंजिनच्या तेलाने जीभ मेलेल्याने बोलू नये."

फेब्रुवारीत ओतिलिया गेली. आजारपण थोडक्यात आटोपलं. तिच्या उशाशी इदालिना बसून होती, मीही होतो. सातव्या दिवसाची मिस्सा झाली आणि त्यानंतरच्या रविवारी झेफेरिनो रांगेत येऊन उभा राहिला, काळी टाय लावून. सगळी रांग गप्प झाली आणि आपोआप बाजूला सरली. इदालिना काउंटरच्या बाहेर आली. ती कधी बाहेर येत नाही. तिने त्याला मिठी मारली, पार्सल आधीच बांधून ठेवलेलं होतं ते त्याच्या हातात दिलं, आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. तो "बरं" म्हणाला आणि डुलत डुलत गेला. आम्हा सगळ्यांना फार बरं वाटलं. गाव असावं तर असं, असंही कुणीतरी म्हणालं.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"शोक आहे, येईल," इदालिना म्हणायची आणि त्याची कोंबडी जाळीवर ठेवायची. दुकान बंद व्हायच्या वेळी ती कोंबडी तशीच पडलेली असे. मार्चच्या शेवटी ग्रासिएतने बातमी आणली. झेफेरिनो काचवाल्यांकडे बसतो. एकदा नव्हे, आठवड्यातून तीनतीनदा. आणि तोही खिडकीतल्या टेबलावर, लपतसुद्धा नाही.

इदालिना एकदम फुटली. "मी? मी काय कमी केलं त्या माणसाला? त्याची बायको गेली तेव्हा त्याच्या घरात सूप कुणी नेलं? त्या काचवाल्यांनी? त्यांना ओतिलिया कोण होती हे तरी माहीत आहे का!"

"जाऊ दे ना," फाउश्तो शेगडीवरून म्हणाला. तो दिवसाला साधारण एवढंच बोलतो.

"जाऊ कसं देऊ?" तिचा आवाज चिरकला. "ग्रासिएत तिकडे गेली असती तर मी मिठाई वाटली असती. पण हा? ह्याला काय झालं ते मला कळायलाच हवं."

सोमवारी तिचं दुकान बंद असतं. त्या सोमवारी ती चर्चला जायचा कोट घालून माझ्या दारात उभी राहिली. "चल वाल्देमार. मी एकटी गेले तर लोक म्हणतील हेरगिरी करतेय."

"आणि मी बरोबर असलो तर काय म्हणतील?"

"म्हणतील म्हाताऱ्याला कोंबडी खायला नेलं. चल."

काचवाल्यांकडे काउंटरवर कुणाला काही सांगायचं नसतं. दारातच माणसाच्या उंचीचे स्क्रीन उभे आहेत, त्यावर बोट ठेवायचं. इदालिना त्याच्यासमोर उभी राहून "नमस्कार" म्हणाली. मी पुढे होऊन दोघांना पाव-पाव कोंबडी, तिखट मध्यम, असं पटापट दाबलं.

"तुला बरं येतं हे सगळं!" ती म्हणाली. मी नातवंडांवर ढकललं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की त्याचा हिशेब नंतर होणार हे मला कळलं.

झेफेरिनो खिडकीत होता. समोर पाव कोंबडी, थोडा भात. आम्हाला पाहून तो उठायला लागला. इदालिनाने खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि समोरची खुर्ची ओढली. वाटेत ती मला पाठ करून दाखवत होती की ती काय काय बोलणार आहे. त्यातलं एक अक्षर तिला आठवलं नाही.

"कशी आहे?" तिने कोंबडीकडे बोट दाखवून विचारलं.

"बरी आहे."

"कोरडी दिसतेय."

"जरा आहे."

"मग इथे का येता, सेन्योर झेफेरिनो? आमचं काय चुकलं?"

त्याने काटा बशीत ठेवला. "चुकलं काही नाही, दोना इदालिना. तुम्ही त्या दिवशी पार्सल दिलंत ना, ते मी घरी नेऊन उघडलं. दोन पुड्या होत्या. एकीचं टोक पिळलेलं."

इदालिनाचा हात तोंडाशी गेला. "मी बांधलं ते? देवा! हातानेच बांधलं हो ते. मी लक्षच दिलं नाही."

"माहीत आहे मला. इतक्या वर्षांची सवय. मी माझी पुडी खाल्ली. तिची फ्रीजमध्ये ठेवली. फ्रीज उघडला की ती समोर. टाकवेना. बुधवारी शेवटी बसलो आणि खाल्ली." तो बशीतला भात चमच्याने सारत होता. "चांगली लागली हो. कोंबडीची, लिंबाची, कोळशाची अशी वेगवेगळी चव लागते त्यात. जन्मभर मी तिला त्यावरून चिडवलं. आणि चांगली लागली हे सांगायला घरात कुणी नाही."

आमची कोंबडी आली. कुणी हात लावला नाही.

"तुमच्याकडे यायचं मनात खूप येतं," तो पुढे म्हणाला. "पण रांगेत उभं राहून मला 'अर्धी' म्हणावं लागणार. सगळ्यांना माहीत आहे ते अर्धी का. सगळे गप्प होणार, बाजूला होणार, तुम्ही बाहेर येणार. त्या दिवशी ते चांगलं वाटलं, पण दर रविवारी मला ते सोसवणार नाही. इथे तो स्क्रीन आहे ना, त्याला मी कोण ते माहीत नाही. कालही आलो तरी आज पुन्हा विचारतो, काय हवं? मला ते बरं वाटतं."

इदालिनाने आपली बशी पुढे ओढली. तिला मी पाळण्यापासून ओळखतो. दुसऱ्याच्या हातची कोंबडी खाताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिने तिची पाव कोंबडी हाडापर्यंत खाल्ली, टाकली नाही. उठताना त्याला एवढंच म्हणाली, "भात बरा करतात हे." परत येताना ती रस्त्याच्या मधोमध चालत होती आणि गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

"त्या यंत्राला अक्कल आहे," कोपऱ्यावर आल्यावर ती म्हणाली, "आणि मला नाही. सगळ्यांच्या घरातलं सगळं लक्षात ठेवते म्हणून मी किती मिरवते, माहीत आहे ना तुला?" तिला रडू येत होतं आणि त्याचा तिला रागही येत होता.

पुढच्या रविवारी मी रांगेत नेहमीप्रमाणे पुढे होतो. माझा नंबर आला. इदालिनाने मागे वळून हाक मारली नाही. दोन्ही हात काउंटरवर ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय देऊ?"

मला वाटलं काचवाल्यांकडे बोटं चालवली त्याचा हिशेब चाललाय. "अगं, नेहमीचं!"

"नेहमीचं म्हणजे काय? नीट सांग. पूर्ण की अर्धी? तिखट की बिनतिखट?"

मी सांगितलं. माझ्यामागे ग्रासिएत होती. तिलाही तेच. तिच्यामागे फार्मसीवाला होता, त्यालाही तेच. पूर्ण की अर्धी, तिखट की बिनतिखट, आणि उत्तर मिळेपर्यंत हात जागचा हलणार नाही. "माझी चिठ्ठी आहे तुझ्याकडे!" ग्रासिएत किंचाळली. "इतकी वर्षं तोंड पाहून देत आलीस, आणि आता मला परक्यासारखं विचारतेस? मग तिकडे काचेत जाऊन बोटंच का दाबू नयेत आम्ही?"

"दाब की," इदालिना म्हणाली. "पूर्ण की अर्धी?"

दर रविवारी तेच. लोक चिडले. दोनचार घरांची गिऱ्हाइकी खरोखर तुटली, आणि लाल पिशव्या आता चादरींखालून नव्हे, तिच्या दारावरून ऐटीत जाऊ लागल्या. मग चिडणं ओसरलं आणि त्यापेक्षा वाईट सुरू झालं. गावाला तिची दया यायला लागली. इदालिनाची स्मृती गेली असं कॅफेत ठरलं. तिची आईही शेवटी अशीच झाली होती, हे ग्रासिएतला बरोबर आठवलं. लोक तिच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागले. एकीने तर स्वतःचं नावही सांगितलं. ज्या बाईला सगळ्या गावाच्या ऑर्डरी तोंडपाठ, तिला ते ऐकून घ्यावं लागलं, आणि तिने ऐकून घेतलं.

फाउश्तो घाबरून माझ्याकडे आला. "तिला डॉक्टरकडे न्यायचं का?" त्याच्या मानाने ते भाषणच होतं. मी त्याला काचवाल्यांकडे काय झालं ते सांगितलं. तो ऐकत राहिला, मग मान हलवून परत शेगडीवर गेला. त्या दिवसापासून तोही जाळीवरून ओरडून विचारू लागला, "तिखट की बिनतिखट?"

मी तिला एकदा म्हटलं, "अगं, तो येणारच नाही. कुणासाठी एवढं चाललंय?"

"आला तर?" ती म्हणाली. "तो आला आणि मी त्याला एकट्यालाच विचारलं, तर काय उपयोग?"

मे उतरणीला लागला. रविवारची रांग होती, थोडी आखूड, पण होती. लोकांना आता सवय झाली होती. उभ्या उभ्या जो तो आपापलं उत्तर जुळवत असे, बायकोला फोन करून विचारत असे, काही जण तर जन्मात पहिल्यांदा दुसरंच काही मागून बघत होते. फार्मसीवाल्याला बिनतिखट आवडते हे त्याचं त्याला तेव्हा कळलं. माझ्या पुढे दोन माणसं होती, आणि त्या दोघांच्याही पुढे झेफेरिनो होता. तो कधी येऊन उभा राहिला ते मी पाहिलंच नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. इदालिनाला विसर पडायला लागलाय हे त्याने फेरीबोटीच्या धक्क्यावर ऐकलं आणि राहवलं नाही म्हणून आला, असं त्याने मला पुढे सांगितलं.

त्याचा नंबर आला. इदालिनाने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

"काय देऊ?"

झेफेरिनो तिच्याकडे बघत राहिला. तिला खरंच आठवत नाही की काय, ही काळजी त्याच्या तोंडावर दिसत होती. तिने डोळे हलवले नाहीत.

"पूर्ण की अर्धी?"

मागे ग्रासिएत फोनवर मुलीशी वाद घालत होती. फार्मसीवाला भाताचं विचारत होता. कुणी गप्प झालं नाही, कुणी बाजूला सरलं नाही. झेफेरिनोने एकवार मागे वळून हे पाहिलं, आणि मला वाटतं त्याला तेव्हा सगळं कळलं, कारण त्याचे ताठलेले खांदे एकदम सैल झाले.

"अर्धी," तो म्हणाला.

"तिखट की बिनतिखट?"

फाउश्तोने तिखटाचा ब्रश उचलून तयार ठेवला होता.

"बिनतिखट," झेफेरिनो म्हणाला.

फाउश्तोने ब्रश परत भांड्यात ठेवला. इदालिनाने कात्रीने अर्धी कोंबडी कापली, कागदात बांधली, पैसे घेतले, सुटे मोजून दिले. तो गेला. पुढच्या दोघांना तिने विचारलं, दिलं. मग मी तिच्यासमोर आलो. तिचे गाल ओले होते आणि ती ते पुसत नव्हती.

"काय देऊ?" ती मला म्हणाली.

"तुला जे द्यायचं ते दे," मी म्हटलं, "पण आधी जरा बस."

"रांग आहे," इदालिना म्हणाली. "पूर्ण की अर्धी?"